तिशी उलटली की बॉक्सर संपतो का?

प्रश्न : माझा मुलगा ३३ वर्षांचा आहे. तो इंदूरमध्येच नोकरी करतो आणि कॉलेजात असल्यापासून बॉक्सिंग करत आला आहे. हौशी स्पर्धांत तो ६० किलोच्या आसपासच्या गटात खेळला. आता त्याला व्यावसायिक लढती खेळायच्या आहेत. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की, तिशी उलटली की बॉक्सर संपलाच. मुलगा मात्र ४५व्या वर्षी जगज्जेता झालेल्या जॉर्ज फोरमनचे नाव पुढे करतो. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. आमच्या इंदूरचे कर्नल सी. के. नायडू साठी ओलांडल्यावरही रणजी सामने खेळले. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांपुढे पिकल्या केसांचे उस्ताद अजून लाठी-पट्टा फिरवतात. मग बॉक्सरनेच का उतरणीला लागावे? मुलाला थांबवावे की खेळू द्यावे?
— एक वाचक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपल्या घरातील दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. उतार कोणालाच चुकत नाही, हे आपल्या यजमानांचे म्हणणे खरे आहे. पण तो तिसाव्या वाढदिवसाला सुरू होतो, हे खरे नाही. आपल्या मुलाने दिलेले उदाहरणही खरे आहे, फक्त त्याने त्यातून काढलेला अर्थ मला धोक्याचा वाटतो.

आधी आपल्या शंकेविषयी लिहितो. नायडूंच्या अंगचे कसब साठीनंतरही त्यांच्या कामी आले, कारण क्रिकेटमध्ये नजर थोडी मंदावली तर फलंदाज बाद होतो आणि तंबूत परत जातो. आखाड्यातील उस्ताद तर वर्षानुवर्षे घोटलेले हात दाखवत असतो. समोरचा त्याचे डोके फोडायला आलेला नसतो. बॉक्सिंगमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर ठोसा मारणे हा खेळाचा नियमसंमत, गुण मिळवून देणारा भाग आहे. त्यामुळे इतर खेळांत वयामुळे आलेल्या मंदपणाची किंमत धावांत किंवा गुणांत मोजली जाते, तर इथे ती मेंदूला मोजावी लागते. वय झाल्यामुळे ठोसे चुकवता येत नाहीत आणि चुकवता न आलेल्या ठोशांमुळे माणूस आणखी मंद होतो, असे हे चक्र आहे.

शरीरात काय घडते, ते थोडक्यात असे. झटक्यात आकुंचन पावणारे स्नायूतंतू वयाबरोबर आधी कमी होऊ लागतात, हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा दरवर्षी थोडी खाली येते, आणि जी दुखापत पंचविशीत दोन दिवसांत विसरली जायची ती पस्तिशीत आठवडाभर रेंगाळते. तिशीच्या पहिल्या काही वर्षांत हे बदल इतके बारीक असतात की, नियमित व्यायाम करणाऱ्याला ते जाणवतही नाहीत. पायांचा हलकेपणा आणि अंतराचा अंदाज आधी जातो. समोरच्याच्या हनुवटीपाशी मोकळी जागा दिसते, पण हात तिथे पोहोचेपर्यंत ती बंद झालेली असते. ठोशाची ताकद मात्र सर्वांत शेवटी जाते, आणि खेळाडूची फसगत नेमकी इथेच होते. सरावाच्या बॅगेवर हात तसाच दणकून बसतो, आवाज तसाच येतो, आणि आपण होतो तसेच आहोत अशी त्याची खात्री पटते. बॅग उलटून मारत नाही, हे तो विसरतो.

फोरमनच्या ज्या लढतीचा दाखला आपला मुलगा देतो, ती त्याने त्याच दृष्टीने पुन्हा पाहावी. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगासला २६ वर्षांच्या मायकेल मूररसमोर फोरमन उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगात तीच लाल चड्डी होती जी १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीकडून हरताना होती. नऊ फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. मूरर त्याला हवे तेव्हा मारत होता. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड, सरळ ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला आणि लढत संपली. त्या रात्री फोरमनचे पाय चालत नव्हते आणि त्याचा वेगही केव्हाच गेला होता. सर्वांत शेवटी जाणारी जी एक गोष्ट, ती तेवढी उरली होती. शिवाय १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे तो धर्मोपदेशक म्हणून रिंगपासून दूर होता, म्हणजे त्याच्या डोक्याला दहा वर्षांची सुट्टी मिळाली होती. तो हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनाच्या गटातला होता, हेही महत्त्वाचे. त्या गटात एका ठोशाने नऊ फेऱ्यांची तूट भरून निघू शकते. आपला मुलगा ज्या वजनात खेळतो, तिथे सारा कारभार वेगावर चालतो आणि म्हणून तिथला उतारही लवकर दिसू लागतो.

माझ्या मते आपल्या मुलाने अभ्यास करावा तो बर्नार्ड हॉपकिन्सचा. २०११ साली ४६व्या वर्षी जाँ पास्कालला हरवून त्याने सर्वांत वयस्क जगज्जेत्याचा फोरमनचा विक्रम मोडला आणि २०१४ साली ४९व्या वर्षीही जागतिक किताबाची लढत जिंकली. त्याच्याकडे विलक्षण वेग कधीच नव्हता, म्हणून वेग गेल्याने त्याचे फारसे अडले नाही. तो अंतर राखून खेळायचा, ठोसा मारला की लगेच मिठी घालायचा, प्रतिस्पर्ध्याची लय मोडायचा. प्रेक्षकांना ते कंटाळवाणे वाटे, पण फार कमी ठोसे खाऊन त्याने दोन तपांहून अधिक काळ काढला. याच्या अगदी उलट रॉय जोन्स. हात खाली सोडून केवळ डोळ्यांच्या आणि कमरेच्या चपळाईवर ठोसे चुकवणारा हा असामान्य खेळाडू २००३च्या मार्चमध्ये हेवीवेटचा किताब जिंकून बसला आणि मे २००४ मध्ये, ३५व्या वर्षी, अँटोनियो टार्व्हरच्या एका ठोशाने दुसऱ्याच फेरीत आडवा झाला. त्याचा बचाव चपळाईवर उभा होता. ती थोडीशी ओसरताच त्याच्यापाशी दुसरा आधार उरला नाही.

आणि विल्फ्रेड बेनितेझचे नाव तर या चर्चेत घेतलेच पाहिजे. १९७६ साली वयाच्या १७व्या वर्षी जगज्जेता झालेला हा मुलगा पंचविशीतच ओसरू लागला, आणि पुढे मेंदूच्या आजाराने पूर्णपणे परावलंबी झाला. म्हणून जन्मतारखेवरून बॉक्सरचे वय ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याने आजवर डोक्यावर किती मार घेतला आहे, हे त्याचे खरे वय. त्यातही अधिकृत लढती मोजल्या जातात, पण स्पॅरिंगची, म्हणजे सरावातल्या लढतींची, नोंद कोणी ठेवत नाही, आणि मार बहुतेक तिथेच खाल्लेला असतो. हेडगार्डने कातडी फुटण्यापासून बचाव होतो, मात्र कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. वारंवार मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी १९२८ सालीच करून ठेवले आहे, आणि आता तर हेही कळले आहे की, शुद्ध न हरपवणाऱ्या ठोशांचाही हिशेब शरीरात साठत जातो.

अलीची गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ सालीच त्याला थांबण्याचा सल्ला दिला आणि तो मानला गेला नाही म्हणून ते बाजूला झाले. १९८०च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली, तेव्हा बोटाने नाकाचे टोक गाठताना अलीचा नेम किंचित चुकत होता आणि एका पायावर उड्या मारताना अपेक्षित सफाई दिसली नव्हती. तरीही त्याला परवाना मिळाला. २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांचा अली आपल्याच जुन्या सराव-जोडीदारासमोर, लॅरी होम्ससमोर, दहा फेऱ्या उभा राहून मार खात राहिला आणि अखेर त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली. १९८४ साली पार्किन्सनचे निदान झाले. एकेकाळी पृथ्वीतलावरचे सर्वांत चपळ पाय असलेल्या माणसाला एका पायावर नीट उडी मारता येत नाही, हे कागदावर लिहिलेले असताना त्याला रिंगमध्ये सोडणाऱ्यांचा राग यावा, यात गैर काहीच नाही.

आता आपल्या मुलाविषयी. हौशी बॉक्सिंगमध्ये ३३ हे वय अजून मर्यादेत बसते. आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत चाळिशीपर्यंत मुभा असते, आणि मेरी कोम यांनी २०१८ साली दिल्लीत सहावे जागतिक सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती. परंतु तीन फेऱ्यांचा हौशी खेळ आणि दहा-बारा फेऱ्यांपर्यंत जाणारा व्यावसायिक खेळ यांत मोठी तफावत आहे, आणि तिशीच्या मध्यावर व्यावसायिक खेळात उतरणाऱ्याला पायऱ्या चढायला वेळ मिळत नाही. उलट उगवत्या तरुणांच्या खात्यावर विजय जमा व्हावा म्हणून त्याला उभे केले जाण्याची शक्यता अधिक. मी आपल्या जागी असतो, तर त्याला खेळापासून तोडले नसते, पण व्यावसायिक लढतींना स्पष्ट विरोध केला असता.

त्याला समजवायचे असेल, तर वयाचा विषय काढू नका. त्याच्या प्रशिक्षकांना विचारा की, तीन वर्षांपूर्वी जे ठोसे तो सहज चुकवत असे, ते आता स्पॅरिंगमध्ये त्याला लागतात का. सरावानंतर डोके दुखते का, शब्द अडखळतात का, नावे आठवत नाहीत का, विनाकारण चिडचिड वाढली आहे का, हे घरातल्यांना आधी दिसते. खेळाडू स्वतः ते कबूल करत नाही. यांपैकी काहीही आढळले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय त्याने पुन्हा ग्लोव्हज चढवू नयेत. लढतीआधी पाणी तोडून वजन उतरवण्याची सवय असेल, तर ती आजच बंद करावी, कारण पाणी कमी पडलेल्या शरीरावर डोक्याचा मार अधिक धोक्याचा ठरतो असे मानतात. बॅग, दोरीच्या उड्या, पॅडवरचा सराव आणि डोक्याला न लागू देता केलेले हलके स्पॅरिंग तो पुढची अनेक वर्षे करू शकेल.

पंधरा वर्षे केलेला खेळ हातचा जाईल ही भीती त्याच्या हट्टामागे असेल, तर प्रशिक्षक होण्याचा मार्ग आत्ताच त्याच्यासमोर ठेवा. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी पदविका अभ्यासक्रम आहे आणि नोकरी करणाऱ्यांना झेपतील असे अल्प मुदतीचे प्रमाणपत्र वर्गही असतात. प्रवेशाच्या अटी आणि वयोमर्यादा त्याने थेट संस्थेकडूनच विचारून घ्याव्यात, आणि ही चौकशी पहिल्या व्यावसायिक लढतीच्या करारावर सही करण्याआधी व्हावी.