पाना-पक्कड : ट्रॅकवर हॉर्न वाजवू नये

(वाचकांच्या गाडीविषयीच्या प्रश्नांना चिपळूणच्या एका गॅरेजवाल्याची उत्तरं)

प्रश्न : काका, नमस्कार. मी मालगुंडचा, वय २६. घरची हापूसची कलमं आहेत. मार्च ते मे पिकअपमध्ये पेट्या भरून आंबा घाटानं कोल्हापूरला माझ्या फेऱ्या चालू असतात. सहा वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. ताई आणि भावोजी चेन्नईला असतात. त्यांनी वाढदिवसाची भेट म्हणून तिथल्या रेसट्रॅकवर अर्ध्या दिवसाचं शिकवणीचं सत्र घेऊन दिलंय. गाडी पोर्श ७१८ केमन, शेजारी शिकवणारं कुणीतरी बसणार. तारीख नोव्हेंबरमधली. भावोजी म्हणतात, तोवर चौपदरी हायवेवर रात्री १४० पर्यंत हात साफ करून घे. घाट मला पाठ आहे, पण तिकडे शहरातली पोरं असणार, हसं होईल अशी भीती वाटते. आईला अजून काही बोललो नाही. तयारी काय करू? नाव छापू नका, बाबा अंक वाचतात.
– एक वाचक, मालगुंड

उत्तर : आधी भावोजींचं बघू. पाहुणे माणूस, उलट बोलता येत नाही, म्हणून तुझ्या वतीनं मी बोलतो : अजिबात नको. रात्री हायवेवर गुरं बसलेली असतात, डायव्हर्जनचा बोर्ड पडलेला असतो, आणि उलट्या बाजूनं येणारा दुचाकीवाला तर आपल्याकडे दर मैलाला एक. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि एवढं करून शिकणार काय? सरळ रस्त्यावर ऍक्सिलरेटर दाबायला माझा नातूसुद्धा शिकेल.

आता हसं होण्याचं. ते होणार. माझं झालं होतं, ते ऐक.

मी पहिल्यांदा ट्रॅकवर उतरलो तेव्हा ४७ वर्षांचा होतो. पुण्याचे एक गिऱ्हाईक आहेत, गुहागरला त्यांचं घर आहे. त्यांच्या साध्या गाडीचं काम माझ्याकडे असतं. त्यांची भारी गाडी, ही केमन, ते कंपनीच्या वर्कशॉपमध्येच नेतात, आणि तेच बरोबर आहे. त्यांनी मला चेन्नईला सोबत नेलं. तू जाणार बहुधा तोच ट्रॅक : श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई, ३.७ किलोमीटरची फेरी, १२ वळणं. मी ऐटीत म्हणालो, “१२ वळणं? आमच्या कुंभार्ली घाटात एवढी तर पहिला चहा पोटात उतरायच्या आत होतात.” शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ती नुसती हसली आणि म्हणाली, “चलो अंकल.”

पहिलंच पुढचं न दिसणारं वळण आलं आणि मी हॉर्न वाजवला.

वाजवला म्हणजे काय, अंगठा आपोआप गेला. २५ वर्षं घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न मारलेला हात तो. हेल्मेटमधल्या स्पीकरवर आधी शांतता, मग तिचं खुदखुदणं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, परतलो तर सगळ्यांना कळलेलं. दिवसभर मी तिथे ‘हॉर्नवाले अंकल’ होतो.

पण खरी अडचण हॉर्नची नव्हती, डाव्या बाजूची होती. आपण घाटात डावीकडची कड धरतो, कारण वळणापलीकडून एसटी मधोमध येणार हे आपण धरूनच चाललेलो असतो. ट्रॅकवर सगळा रस्ता तुझा. उजवं वळण असेल तर आधी पार डाव्या कडेला जायचं, तिथून वळून आतल्या कोपऱ्याला चाटून जायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा डाव्या कडेपर्यंत गाडी मोकळी सोडायची. असं केलं की वळण जणू सरळ होतं. आतल्या कोपऱ्याला ते एपेक्स म्हणतात. शिकाऊंसाठी ब्रेक कुठे, वळवायचं कुठे, एपेक्स कुठे, यांवर शंकू ठेवलेले असतात. समोरून कुणीही येणार नाही, हे डोक्याला लगेच पटलं. हातांना पटायला तीन फेऱ्या लागल्या.

दुसरी खोड डोळ्यांची, आणि ही तुला माझ्याहून जास्त असणार. आपण कोकणातली माणसं बॉनेटच्या पुढे दहा-पंधरा फूट बघून गाडी चालवतो. खड्डे! ट्रॅकवर खड्डा नसतो. ताशी १६० ला गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते. चार एसट्या एकामागे एक उभ्या केल्यास तर एवढी लांबी होईल. नाकासमोर बघत राहिलास तर जे दिसतंय ते दिसेपर्यंत मागे गेलेलं असतं. ब्रेक लावतानाच नजर वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर, तिथे पोचायच्या आधी बाहेर पडायच्या कडेवर. माझी मान दुसऱ्या दिवशी आखडली होती, एवढी ती त्या पोरीनं वळवून घेतली. हात डोळ्यांच्या मागे जातात, हे मी नव्या पोरांना सायकल शिकवताना सांगत आलोय. स्वतःच विसरलो होतो.

आता ब्रेक, कारण ट्रॅकवर खरं शिकण्यासारखं तेच. घाट उतरताना तू खालचा गिअर टाकतोस, इंजिनवर गाडी धरतोस, ब्रेक जपून वापरतोस. बरोबर करतोस. सतत पाय ठेवला तर लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळायला लागतं, पेडल मऊ होऊन तळाला जातं आणि देव आठवतो. ट्रॅकवर सवय उलटी हवी : ब्रेक थोडा वेळ, पण जोरात, आणि गाडी सरळ असताना. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, त्यामुळे शेवटच्या क्षणी बघू म्हणणाऱ्याला ट्रॅक माफ करत नाही. सुरुवातीलाच घट्ट दाबायचं, फुगलेलं दार ढकलावं तसं. सोडायचं मात्र झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा इतकं हळू. मी नेमकं उलटं करत होतो, आधी चाचपत, मग घाबरून जोरात, तेही गाडी वळत असताना.

यात गोम अशी की टायरची पकड ठरलेली असते. एक भाकरी समज. ती सगळी ब्रेकला वाढलीस तर वळायला उरत नाही. स्टिअरिंग फिरवतोस आणि गाडी सरळच जाते. अशा वेळी आणखी फिरवू नकोस. पाय थोडा हलका कर, पुढची चाकं पुन्हा जमीन पकडतील. घसरण्याची दुसरी जात जास्त वाईट, मागची चाकं सुटतात ती. रिकामा पिकअप पावसात वळणावर मागून सटकतो ते तुला माहीत आहे. केमनचं इंजिन सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे मागे वजन आहे आणि म्हणून एरवी मागची पकडही छान. पण वळणाच्या मध्यावर दचकून ऍक्सिलरेटर एकदम सोडलास की वजन पुढे धावतं, मागची चाकं हलकी होतात, आणि एकदा का ते धूड फिरायला लागलं की आवरणं नवख्याचं काम नाही. म्हणून वळणात शिरण्याआधीच वेग कमी करायचा. हळू शीर, नीट बाहेर पड.

दुपारी तिनं मला एक शिक्षा दिली : दोन फेऱ्या ब्रेकला पाय लावायचा नाही. सरळ भागावर ऍक्सिलरेटर निम्माच, वळणाआधी बराच आधी सोडायचा. मला वाटलं बैलगाडी होणार. घड्याळ बघितलं तर सकाळच्या माझ्या धडपडीपेक्षा थोडासाच वेळ जास्त लागला होता! सकाळभर मी जो घाम गाळला त्याची किंमत तेवढीच. तू स्वतःहून सांग, मला अशा दोन फेऱ्या द्या म्हणून.

गाडीबद्दल. ३०० अश्वशक्ती, म्हणजे तुझ्या पिकअपच्या चौपट. मोटर दोन लिटरची टर्बो, चार सिलिंडर आडवे झोपलेले. मेकॅनिक म्हणून मी आधी पुढचं झाकण उघडलं, आत डिकी. मागचं उघडलं, आत दुसरी डिकी, आणि ऑइल व कूलंट भरायची दोन तोंडं. इंजिनचं दर्शन नाहीच. गाभाऱ्याचं दार बंद असताना देवळात जाऊन आल्यासारखं वाटलं. ट्रॅकवर शिकाऊंना सहसा ऑटोमॅटिक देतात. स्टिअरिंगमागे दोन पाकळ्या असतात, उजवी वरच्या गिअरला, डावी खालच्या. पहिला तासभर त्यांना हात लावू नकोस, गिअर गाडीला टाकू दे. डावा पाय क्लच शोधेल. त्याला सांग, बाबा रे, आज सुट्टी. चुकून त्यानं ब्रेक दाबलास तर शेजारच्या बाईंचं हेल्मेट डॅशबोर्डला लागेल.

बसायचं कसं? पिकअपमध्ये आपण पसरून बसतो, एक कोपर खिडकीत. इथे पाठ सीटला चिकटवून हात लांब कर, मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. हात घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखे.

घरी करायची तयारी एकच. तुमच्या भागात कातळाचे सडे आहेत. गावकीला विचारून, सकाळी, गुरं आणि क्रिकेटवाली पोरं नसताना, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी घेऊन जा. खडी-माती नसलेला सपाट तुकडा बघ. जांभ्याचा एक चिरा बाजूला खूण म्हणून ठेव, ताशी ४० ला ये, चिऱ्याशी ब्रेक पूर्ण दाब. पायाखाली खडखड होईल, पेडल थरथरेल. गाडी मोडली नाही, एबीएस काम करतंय. वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनी हा खडखडाट कधी अनुभवलेला नसतो आणि ऐन वेळी ते पाय उचलतात.

तारखेचं लक्षात घे. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस संपतो म्हणून तू निवांत असशील. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. ओल्या ट्रॅकवर सत्र होतं का, रद्द झालं तर दुसरी तारीख मिळते का, ते आधी विचार. पाऊस असेल तर खट्टू होऊ नकोस. ओल्यात चूक कमी वेगात कळते.

झेंडे पाठ कर. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू हो, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये ये. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला जाऊ दे. इथे मान बाजूला ठेवायचा. काळा दिसला तर तुलाच बोलावताहेत. चौकटीचा म्हणजे संपलं. शेवटची फेरी हळू मारायची, ब्रेक थंड होतात. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, तापलेले पॅड तापलेल्या डिस्कवर दाबून ठेवायचे नसतात.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळव्याचे; सँडल घालून गेलास तर गेटवरून परत. सकाळी इडल्या दोनच खा. मी सहा खाल्ल्या, वर वडा, आणि तिसऱ्या फेरीनंतर काय झालं ते इथे छापण्यासारखं नाही. आणि एक कागद वाच. नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी धरलेली नसते. गाडीला काही झालं तर किती रक्कम कुणी भरायची, ते सही करण्याआधी लेखी घे, आणि भावोजींनाही दाखव. भेट त्यांची आहे.

आईला सांग. घाटातून रात्री दोन वाजता पेट्या नेणाऱ्या मुलाची तिला सवय आहे. हेल्मेट घालून, शेजारी गुरू बसवून, समोरून एकही गाडी न येणाऱ्या रस्त्यावर जातोय म्हटल्यावर ती कदाचित विचारेल, तिथे कायमची नोकरी मिळते का.

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, रेसिंगचं वेड आहे. मोबाइलवर दिवसभर तेच. गाडीला हात लावू द्यावा का?
– एक आई, दापोली

उत्तर : ताई, रस्त्यावरच्या गाडीला नाही, अंगणातही नाही. पण गो-कार्ट चालवायला जरूर न्या; कोल्हापूरजवळ ट्रॅक आहे. शूमाकर, सेना ही मंडळी कार्टमधूनच वर आली. कार्टला स्प्रिंग नसतात, त्यामुळे टायर काय म्हणतोय ते थेट पाठीला कळतं. उजव्या पायाला ऍक्सिलरेटर, डाव्याला ब्रेक. भाड्याच्या कार्टला उंचीची अट असते, आधी फोन करून विचारा. केस लांब असतील तर बांधून हेल्मेटच्या आत, गळ्यात ओढणी-मफलर काही नको. मोबाइलमधलं वेड दहा मिनिटांत एक तर उतरेल नाहीतर पक्कं होईल. दोन्हीला तुमची तयारी असू द्या.

प्रश्न : ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरची वाळू सिमेंटसारखी घट्ट असते. तिथे गाडी फिरवून ड्रिफ्टिंगचा, म्हणजे मागची चाकं मुद्दाम सटकवत वळण्याचा, सराव केला तर काय हरकत आहे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : हरकत समुद्राची आहे. वरून घट्ट दिसणाऱ्या वाळूत चाक जोरात फिरलं की ते स्वतःचा खड्डा स्वतः खणतं, आणि ऍक्सिलरेटर दिलात की आणखी खोल. शिवाय वाळूवर माणसं चालतात, पोरं खेळतात. खारं पाणी खाली लागलं की ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, वायरिंगचे जोड गंजतात, ती गाडी सहा महिन्यांनी माझ्याकडे येते आणि मालक म्हणतो, “काही केलं नाही हो, आपोआप झालं.” दर दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन तरी गाड्या रुततात. टोचन करायला ट्रॅक्टरवाला येतो. तो आधी गाडीकडे बघत नाही, पाणी कुठवर आलंय ते बघतो आणि मग दर सांगतो.