दारावरच्या जुन्या तारखा : आरोग्य खात्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी उपकेंद्रातल्या दिवसांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, १९७९ ला एएनएम (गावपातळीवरची नर्स) म्हणून लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून रिटायर झाले वगैरे, त्यावर बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेक सगळे आरोग्य खात्याच्या जुन्या काळाबद्दल आहेत. यावेळी त्यातले पाच घेते.

प्रश्न : ताई, सिन्नरजवळचं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. दाराशेजारी भिंतीवर रंगाने मारलेला चौकोन आहे, त्यात डीडीटी असं लिहिलंय आणि खाली पुसट तारखा. आजी म्हणते मलेरियावाल्याचं आहे. खरंच एवढ्या वेळा माणूस यायचा का? (वाचक, नाशिक)

आजी बरोबर सांगतायत. आणि भिंत पाडायच्या आधी एक नीट फोटो काढून ठेवा प्लीज, अशा भिंती आता फार राहिल्या नाहीत.

१९५३ ला देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ पासून त्याचंच निर्मूलन मोहिमेत रूपांतर झालं. तेव्हा दोन कामं चालायची. एक म्हणजे घराघरात आतून डीडीटीची फवारणी, आणि दुसरं म्हणजे दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जाऊन विचारायचं की कुणाला ताप आहे का, असेल तर बोटाला टोचून काचेवर रक्ताचा नमुना घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या तिथल्या तिथे खायला लावायच्या आणि भिंतीवरच्या चौकोनात तारीख घालून सही करायची. साधारण दहा हजार लोकवस्तीला एक माणूस. सायकल मिळाली तर सायकल, नाहीतर पायी. सुपरवायझर मागून येऊन भिंतीवरच्या तारखा तपासायचा, त्यामुळे घरी बसून रजिस्टर भरणं सोपं नव्हतं.

आकडे बघा. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाखांच्या आसपास माणसं जायची असा अंदाज होता, १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या घरात आले. नंतर मात्र ढिलाई आली, डासही औषधाला दाद देईनात, फवारणी झाली की बायका दुसऱ्या दिवशी भिंती सारवून टाकायच्या (त्यांचं काय चुकलं, घर स्वच्छ दिसायला नको का, पण त्याने औषध शेणामातीखाली जायचं आणि हे त्यांना कुणी धड सांगितलंच नव्हतं). १९७६ ला देशात चौसष्ट लाखांच्या वर रुग्ण झाले. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडचे हिवतापातले जुने कर्मचारी हे सांगताना अक्षरशः गप्प व्हायचे, एवढं चाललो आणि परत तिथेच आलो म्हणून.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आरोग्य खातं कधी स्थापन झालं याला एका पुस्तकात १८६४ आहे, दुसऱ्यात १९६० आणि क्लासच्या नोट्समध्ये १९७०. कोणतं खरं? (वाचक, पुणे)

तिन्हींमागे काहीतरी खरं आहे, पण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत नेमकं काय विचारलंय ते बघून लिहा. थोडं लांबण लावते कारण हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

१८६४ ला मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत सॅनिटरी कमिशन नेमलं गेलं. ते काही तुमच्या-माझ्या पणजोबांसाठी नव्हतं. १८५७ नंतर इंग्रजांनी इथे गोरी फौज वाढवली आणि त्यांच्या लक्षात आलं की वर्षाला हजारातले ६९ गोरे शिपाई मरतायत आणि तेही बहुतेक लढाईत नाही तर पटकी, हगवण, तापाने. फ्लॉरेन्स नाइटिंगेल इंग्लंडमध्ये बसून हे आकडे मांडत होत्या. छावणी स्वच्छ ठेवायची तर शेजारच्या गावाचं पाणी आणि यात्रेतली पटकी पण बघावी लागते, म्हणून हळूहळू सॅनिटरी कमिशनरचं काम गावापर्यंत आलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, देवी टोचणं, पंढरपूरसारख्या यात्रांची व्यवस्था, ही त्याची सुरुवात.

मग १८९६ चा प्लेग. सप्टेंबरात मुंबईत मांडवीला रोगी सापडले आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर गाव गाठायला निघालं, त्या लोकांबरोबर साथ पुण्यात, घाटावर सगळीकडे गेली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा, पण त्याने सरकारला घरात शिरायचे, माणूस उचलून न्यायचे अधिकार दिले आणि यात सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल कोर्टात खेचता येणार नाही असंही एक कलम. पुण्यात वॉल्टर रँड प्लेग कमिटीचा प्रमुख होता आणि गोरे शिपाई घरोघर झडती घ्यायला पाठवले, देवघर म्हणू नका, माजघर म्हणू नका. पुढचं शाळेत शिकलोय आपण, २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

मी हे नर्सच्या नजरेने बघते. झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवायला लागले, मेलेलं माणूस गुपचूप घरात पुरायला लागले, म्हणजे साथ थांबवायला जे केलं त्यानेच साथ कुठे आहे ते कळेनासं झालं. आणि त्याच वर्षी त्याच पुण्याच्या बाहेर हडपसरकडे सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत माळावर दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या पोराला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आमच्या ट्रेनिंगमध्ये खात्याचा इतिहास म्हणून रँडचं नाव आलं पण सावित्रीबाईंचं नाव आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिकडे मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ ला परळला गेली, तिलाच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

१९१८ ला मानमोडी आली, म्हणजे इन्फ्लुएंझा, देशात एक कोटीच्या वर माणसं गेली आणि खात्याकडे खेड्यात पाठवायला माणसंच नव्हती. १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हा विषय प्रांतांकडे आणि तिथल्या भारतीय मंत्र्यांकडे आला, सॅनिटरी कमिशनरचा डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थ झाला. नंतर १९४३ ला भोर समिती नेमली, १९४६ ला तिचा रिपोर्ट आला. आता हे लक्षात ठेवा, सर जोसेफ भोर आपल्या नाशिकचे, जन्म तिथलाच, डेक्कन कॉलेजात शिकलेले. चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यालाही उपचार, हे त्या रिपोर्टात आहे. १९५२ पासून देशात विकासगटांबरोबर केंद्रं उघडायला लागली. म्हणजे तुम्ही ज्याला पीएचसी म्हणता त्याची मूळ कल्पना तिथली.

१९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा खातं राज्याचं झालं, पण ते तीन घरचं होतं. मुंबई इलाख्याची पद्धत वेगळी, विदर्भ मध्य प्रांतातून आलेला, मराठवाडा निजामाच्या राज्यातला, तिन्हीकडचे दवाखाने, पगार, रजिस्टरं सगळं वेगळं. ते एकत्र आणणाऱ्या कारकुनांचं कुठे नाव नाही पण ते काम सोपं नव्हतं. आणि १९७० ला काय झालं ते चौथ्या प्रश्नात सांगते.

प्रश्न : मुंबईत प्लेग ओळखणारे डॉक्टर गोव्याचे होते असं ऐकलं, खरं आहे का? (वाचक, म्हापसा)

हो, आणि तुमच्या अगदी जवळचे, हडफड्याचे. डॉ. अकासिओ गॅब्रियल व्हिएगस. मांडवीत रोगी तपासताना हा गाठीचा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं आणि ते उघडपणे सांगितलं. व्यापारी शहरात प्लेग आहे असं म्हणायला मोठी हिंमत लागते, बंदर बंद पडायची भीती असते ना. मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, तिकडे गेलात तर दोन मिनिटं थांबा.

प्रश्न : माझ्या वडिलांना पीएचसीतून ग्रामीण रुग्णालयात, तिथून सिव्हिलला आणि तिथून मेडिकल कॉलेजला पाठवलं. तक्रार करायला गेलो तर प्रत्येक जण म्हणतो ते आमच्याकडे येत नाही. सगळे सरकारीच ना? (वाचक, मराठवाडा)

सगळे सरकारीच, पण मालक वेगवेगळे. तुमचा राग मला समजतो, मी स्वतः कर्मचारी असून माझ्या सासूबाईंना घेऊन असेच हेलपाटे घातलेत, आणि एका खिडकीवरच्या माणसाने तर कागद न बघताच परत पाठवलं होतं.

हे असं का झालं ते सांगते. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावपातळीवरचं आरोग्य त्यांच्याकडे दिलं. म्हणून उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे डीएचओंच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि सिव्हिल हे राज्याच्या आरोग्य सेवेचे, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. आणि मेडिकल कॉलेजचा दवाखाना तिसऱ्याच विभागाचा, कारण १९७० ला वैद्यकीय शिक्षणाचं संचालनालय आरोग्य सेवेपासून वेगळं केलं, म्हणून तिथे डीनकडे जायचं. काही जिल्ह्यांत आता नवीन कॉलेज आल्यावर जुनं सिव्हिलच कॉलेजला जोडलंय, तिथे तर पाटी वाचूनच ठरवावं लागतं. शहरात महापालिकेचा दवाखाना असेल तर पालिकेचे आरोग्य अधिकारी.

तेव्हा अर्ज एकच लिहू नका. प्रत्येक ठिकाणच्या रेफर चिठ्ठीची झेरॉक्स लावून, तारीख आणि वेळ घालून तीन वेगळे अर्ज करा आणि प्रत्येकाची पोच घ्या. माझं स्पष्ट मत आहे की जिल्हा परिषदेकडे आरोग्य दिलं ते चांगलंच झालं, आमच्या केंद्रात गाडी नाही म्हणून गावातल्या बायका सरळ सभापतींच्या घरी जाऊन बसल्या होत्या, मुंबईपर्यंत त्या कधी पोचल्या असत्या? पण पेशंट एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्याचा हात कुणी धरायचा हे ठरवायचं राहून गेलं.

प्रश्न : माझ्या आईच्या हातावर दोन गोल व्रण आहेत, माझ्या डाव्या दंडावर एक आहे, आणि माझी मुलगी इथे जन्मली तिच्या हातावर काहीच नाही. ती विचारते हे काय आहे. तिला काय सांगू? (वाचक, न्यू जर्सी)

हा प्रश्न वाचून मी खूप वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले.

आईंचे व्रण देवीच्या लसीचे असणार. आपल्याकडे देवी काढणं म्हणायचे आणि टोचायला येणाऱ्याला देवी डॉक्टर, तो डॉक्टर नसायचा, पण सगळं गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. गोल पात्याचं हत्यार कातडीवर टेकवून फिरवायचे, दोन ठिकाणी, फार दुखायचं. तो आला की पोरं ज्वारीच्या कणगीमागे लपायची आणि आया त्यांना ओढून बाहेर काढायच्या, आमच्याच घरात झालंय हे. काही आया मात्र पोरांना घेऊन शेतात निघून जायच्या कारण देवी म्हणजे देवीचा कोप, तिला अडवायचं कसं. पुढे दोन टोकांची सुई आली आणि काम सोपं झालं. भारतातल्या देवीचा इथलाच शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये बिहारमध्ये सापडला आणि १९७७ ला देश देवीमुक्त जाहीर झाला, मग टोचणं थांबलं.

तुमच्या डाव्या दंडावरचा एकच व्रण बहुतेक बीसीजीचा, क्षयाची लस. भारतात ती बाळ जन्मल्यावर देतात, अमेरिकेत सरसकट देत नाहीत, म्हणून मुलीच्या हातावर काही नाही.

मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. भारतात देवीची लस पहिल्यांदा १४ जून १८०२ ला मुंबईत टोचली ती ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. लस बगदाद-बसऱ्याकडून माणसांच्या हातावरूनच इथपर्यंत आली होती, तेव्हा फ्रिज कुठला, एकाच्या हातावरचा फोड पिकला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा. ॲनाच्या हातावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं, आणि त्यांच्याकडून ती पुढे देशभर गेली.

आणि आईंना विचारा, कोणी टोचलं, कुठे बसवून, त्या रडल्या का. मुलीला बाजूला बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मला पाठवलंत तर पुढच्या वेळी इथे लिहीन.