लॅब मादीला शेजारचा शेफर्ड लावावा, की शुद्ध लॅबच शोधावा?

प्रश्न असा आहे: नागपूरला मनीषनगरात राहतो. साडेतीन वर्षांची लॅब्रेडॉर मादी आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद आहेत. मागचा माज ऑगस्टअखेर होऊन गेला, पुढचा फेब्रुवारीअखेर येईल. शेजाऱ्यांचा जर्मन शेफर्ड आहे, ते म्हणतात मिक्स पिल्लं तगडी निघतात. ओळखीचा ब्रीडर म्हणतो, मिक्स करणं म्हणजे जातीचं वाटोळं. नैतिकदृष्ट्या योग्य काय?

उत्तर: या शेफर्डशी लावू नका. आणि ब्रीडर दाखवेल त्या कागदवाल्या लॅबशीही, खाली लिहिलेल्या तपासण्या दोघांच्या झाल्याशिवाय लावू नका. पिल्लाला पुढची बारा वर्षं जे सांधे, डोळे आणि स्वभाव घेऊन जगायचं आहे ते त्याच्या आईबापांकडून येतात. त्या दोघांना तपासलंय का, आणि पिल्लं फसली तर कोण सांभाळणार, हे माझ्या लेखी जातीआधी येतं.

शेजाऱ्यांचं म्हणणं आधी पाहू. दोन जाती मिसळल्या की दोष झाकले जातात, हे खरं आहे, पण फक्त त्या दोषांबद्दल ज्यांना आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं, आणि तेही दोन्ही जातींत तोच बिघाड नसेल तरच. लॅब आणि शेफर्ड या दोघांचंही ठरलेलं दुखणं म्हणजे खुब्याचा सांधा: हिप डिस्प्लेसिया. तो एका जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुकं, वाढीच्या वयातलं वजन, गुळगुळीत फरशी असं सगळं मिळून तो होतो. ढिल्या खुब्याची लॅब आणि ढिल्या खुब्याचा शेफर्ड एकत्र आले, तर पिल्लांचा खुबा घट्ट होण्याचं काही कारण नाही. कोपराच्या सांध्याचंही तसंच.

अमेरिकेत डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने २०१३ मध्ये २७ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. २४ आनुवंशिक आजारांपैकी १० शुद्ध जातींत जास्त आढळले, १३ मध्ये फरक दिसला नाही, आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटणं हे एक मिश्र कुत्र्यांत जास्त निघालं. फरक न दिसलेल्या तेरांत हिप डिस्प्लेसिया होता. हृदयाचे काही विकार, अपस्मार, त्वचेची अॅलर्जी यांत मात्र मिश्र कुत्री खरंच बरी ठरली. म्हणजे शेजारी अगदीच चुकीचं बोलत नाहीत, पण तुमच्या जोडीला लागू पडणारं बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. काही जर्मन शेफर्डमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकात बिघाड असतो. अशा कुत्र्यात आयव्हरमेक्टिन या गोचिडांवरच्या औषधाचा मोठा डोस मेंदूपर्यंत पोचतो: लडखडणं, आंधळेपणा, बेशुद्धी. नागपुरात गोचीड झाले की अनेक ठिकाणी पहिलं इंजेक्शन आयव्हरमेक्टिनचंच दिलं जातं. लॅबसारखं दिसणारं पिल्लू ‘लॅब’ म्हणून वाढेल आणि बाप शेफर्ड होता हे डॉक्टरांना कुणी सांगणारही नाही. मिश्र पिल्लू देताना आईबापांची जात लेखी देणं म्हणूनच आवश्यक आहे.

आता ब्रीडरचं म्हणणं. केसीआयचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, आरोग्य नाही. पण त्या वंशावळीचा एक उपयोग जरूर करा: तुमच्या मादीचा कागद आणि नराचा कागद शेजारी ठेवून नावं जुळतात का बघा. एकाच गावात एकच ‘चॅम्पियन’ नर सगळ्यांना वापरला जातो, त्यामुळे दोन्हीकडे तोच बाप किंवा तोच आजोबा निघणं नवलाचं नाही. सख्खी भावंडं किंवा बाप-लेक लावले तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आईबापांचं रक्ताचं नातं किती जवळचं याचं माप) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांना १२.५, चुलत-मावस भावंडांना ६.२५. याहून वर जाणारी जोडी मी सरळ नाकारेन, कागद कितीही चकचकीत असले तरी. ब्रिटनच्या केनेल क्लबनेही २००९ पासून आई-मुलगा, बाप-लेक आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंदणी थांबवली.

मिसळणं म्हणजे वाटोळं, हा दावा डाल्मेशियनने खोटा पाडला आहे. शुद्ध डाल्मेशियनमध्ये लघवीत युरिक अॅसिड फार, त्यामुळे खडे आणि नरांत लघवी अडकणं. आख्ख्या जातीत निरोगी जनुकच उरलं नव्हतं, मग जातीच्या आतून ते आणणार कुठून? रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने १९७३ मध्ये एका पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढे दर पिढीत पुन्हा डाल्मेशियनशी लावत गेले. अंगावर ठिपके तेच राहिले, लघवी सुधारली. अमेरिकन केनेल क्लबने ती कुत्री मान्य करायला २०११ उजाडलं. असा संकर मला नुसता मान्य नाही, आवश्यक वाटतो. पग, इंग्लिश बुलडॉग यांची नाकं लांब करायची असतील तर एक ना एक दिवस हाच रस्ता धरावा लागेल.

उलट टोकाला लॅब्राडूडल. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब आणि स्टँडर्ड पूडल एकत्र आणले, कारण हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी होती. तीन पिल्लांपैकी एकच त्यांना चाललं. पुढे नावाच्या आकर्षणाने जगभर वाटेल तशी पैदास सुरू झाली आणि खुद्द कॉनरननी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. लॅब आणि पूडल दोघांतही डोळ्याचा पडदा हळूहळू मरणारा पीआरए हा विकार त्याच एका जनुकामुळे होतो, हे त्या पैदास करणाऱ्यांपैकी किती जणांनी तपासलं असेल?

मग तपासायचं काय? खुबा आणि कोपर यांचे एक्स-रे, वयाची दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, भूल देऊन, मागचे पाय सरळ ताणून घेतलेले. जागेपणी वाकड्या पायांनी काढलेला एक्स-रे निरुपयोगी. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा हाडांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे याबद्दल विचारा. लॅबसाठी जनुकीय चाचण्या किमान दोन: पीआरए-पीआरसीडी, म्हणजे वर सांगितलेला डोळ्याचा विकार, आणि ईआयसी, म्हणजे जोरात पळाल्यावर मागचे पाय गळणं. रक्त किंवा गालाच्या आतला फाया पाठवून होतात. मादी वाहक निघाली, म्हणजे ती स्वतः निरोगी पण एक बिघडलेलं जनुक बाळगणारी, म्हणून ती बाद नाही. वाहकाला निर्दोष नर लावला तर एकही पिल्लू आजारी होत नाही. वाहक-वाहक लावलं तर सरासरी चारात एक होतं. सगळेच वाहक काढून टाकले तर जात आणखी आटते, म्हणून हा हिशेब नीट समजून घ्या. शिवाय दोघांची ब्रुसेला तपासणी. तो जंतू गर्भ पाडतो, कुत्र्यातून जाता जात नाही आणि माणसालाही लागतो. आणि स्वभाव: पाहुण्यांवर भीतीने धावून जाणारा नर दिसायला कितीही देखणा असो, वापरू नये.

कायद्याचं थोडक्यात. श्वान पैदास व विक्री नियम २०१७ प्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी १८ महिन्यांपेक्षा लहान किंवा ८ वर्षांपेक्षा मोठी नको, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचच, आणि ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. पस्तीस-चाळीस दिवसांचं पिल्लू ‘लहान असतानाच लळा लागतो’ म्हणून हातात देणारा ब्रीडर तिथेच ओळखावा. त्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू आई-भावंडांकडून किती जोरात चावायचं ते शिकतं. ते न शिकलेलं कुत्रं घरातल्या मुलांना ओरबाडतं आणि मग दोष कुत्र्याला मिळतो.

तुमच्या तारखांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. फेब्रुवारीअखेर माज, मार्चच्या दहा तारखेच्या आसपास मेटिंग, ६३ दिवस धरले तर १२ मेच्या सुमारास विणं. २५ मेला नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा पिल्लं जेमतेम दोन आठवड्यांची असतील, स्वतःचं तापमान सांभाळता न येणारी. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३० अंश लागतात. नागपूरच्या वरच्या मजल्यावरची खोली दुपारी चाळिशी पार करते. आई धापा टाकते, खाणं सोडते, दूध आटतं, पिल्लं सुकतात. कूलर मेमध्ये कोरड्या हवेत काम करतो, जूनमध्ये हवेत ओल आली की नुसता दमटपणा वाढवतो, आणि दमट हवेत कुत्र्याची धापही थंडावा देत नाही. शिवाय पिल्लं आठ आठवड्यांची होऊन नव्या घरी जाणार ती जुलैच्या पावसात, पार्व्होची लस अर्धवट असताना. ती मालिका १६ आठवड्यांपर्यंत चालते. ज्या माजाचं विणं उन्हाळ्यात येईल तो रिकामा सोडणं हे नागपुरात पैदाशीचं पहिलं पथ्य असायला हवं.

सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आणि पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या माजाला वेत घ्यायचंच ठरलं, तर दिवस मोजून अंदाजाने लावू नका. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासा. दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास बीज सुटतं, त्यानंतर दोन दिवसांनी मेटिंग. गाभणपणात ‘ताकद यावी’ म्हणून कॅल्शियम पाजू नका. त्याने शरीराची स्वतःची कॅल्शियम काढण्याची सवय मोडते आणि व्यायल्यावर झटके येण्याचा धोका वाढतो. ५५ व्या दिवशी एक्स-रे काढून पिल्लं मोजा, म्हणजे शेवटचं आत राहिलंय का ते कळेल. विण्याआधीच्या दिवसात गुदद्वारातलं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली येतं. जोरदार कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तास गेले, किंवा पिल्लू न येता हिरवा स्राव आला, तर फोनवर सल्ला मागत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. कदाचित सीझर लागेल. तेवढे पैसे आणि रात्री उघडा असलेला दवाखाना आधीच ठरलेला हवा.

आणि घरं. लॅबला सहा ते दहा पिल्लं होतात. मेटिंगच्या आधी आठ घरांची नावं कागदावर लिहून बघा. ‘ठेवू की’ म्हणणारे नाहीत, घरमालकाची परवानगी आणि लसीचा खर्च विचारून झालेली माणसं. त्यातली पाच-सहाच नावं उरली, तर वेत घेऊ नये हे उत्तर तुमच्यासमोर आहे. कोणतंही पिल्लू कोणत्याही वयात परत घ्यायची लेखी हमी तुम्ही द्यायला हवी. मिश्र पिल्लांच्या बाबतीत तर जास्तच, कारण चार महिन्यांनी कान उभे राहिले, रंग बदलला की ‘हे लॅब नाहीच’ म्हणून ती रिंगरोडला सोडली जातात. जनावर असं सोडून देणं प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण घरात वाढलेलं पिल्लू गुन्हा नोंदवेपर्यंत जगत नाही.

एकदा पिल्लं झाली की मादीची तब्येत सुधारते, या समजाला आधार नाही. दर माजानंतर गर्भाशयात पू होण्याचा, पायोमेट्राचा धोका मात्र खरा आहे आणि वयाबरोबर वाढतो. म्हणून तुमच्या जागी मी नसबंदीच करून घेईन. माजानंतर दोन-तीन महिन्यांनी गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. ऑगस्टअखेरपासून मोजलं तर नोव्हेंबर येतो, हवा थंड, टाके कोरडे राहतात, गोचीडही कमी. आधी रक्ताची तपासणी आणि प्लेटलेट पाहून घ्या. गोचीडतापाने त्या उतरलेल्या असतील तर आधी तो बरा करायचा, मग शस्त्रक्रिया. तारीख जमली नाही आणि फेब्रुवारीत माज आलाच, तर पहिल्या रक्ताच्या थेंबापासून पूर्ण तीन आठवडे तिला पट्ट्याशिवाय अंगणात सोडू नका. कंपाउंडची चार फुटी भिंत शेजारच्या शेफर्डला अडवत नाही. चुकून लागलीच, तर गर्भ पाडण्याचं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तरी घेऊ नका. त्याने पायोमेट्रा होतो आणि हाडांतला मगज रक्त बनवणं थांबवू शकतो. त्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून थोड्याच आठवड्यांत नसबंदी उरकणं जास्त सुरक्षित आहे.