बुर्झ्वा की तांबोशी?

प्रिय चिकू,

शनिवारी व्हिक्टोरियाच्या बाजारात मासेवाल्यासमोरच तू म्हणालास, "आई, या माशाचं नाव बुर्झ्वा आहे. तू सारखं तांबोशी का म्हणतेस? सेशेल्समध्ये कुणाला कळणार?" मासेवाला हसला, मीही हसले. पण घरी येईपर्यंत मी गप्प होते, ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

खरं सांगू? बरोबर तुझंच आहे. बुर्झ्वा म्हणजे आपली तांबोशी नव्हे, फार तर तिची चुलतबहीण. लाल मासा दिसला की माझ्या तोंडून ते नाव निघतं, एवढंच. कल्ले उघडून बघायची खोड मात्र सुटायची नाही. ती आजीची.

मालवणजवळ तारकर्लीला रापण ओढायला आजी मला घेऊन जायची. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून यायची, मग किनाऱ्यावरून दोन्हीकडचे दोर ओढायचे. मी शेवटाला लोंबकळायचे. मदत कमी, अडचण जास्त. तरी हात लावला म्हणून माझ्या फ्रॉकच्या झोळीत दोन बांगडे पडायचे, पाठीवर हिरवीनिळी झाक, अजून फडफडणारे. घरी त्यांच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, तिरफळं हा मसाला. एकदा मी ती सुरमईत टाकली, तर आजी कडाडली, "इसवणाक तिरफळा कोण घालता गो?" इसवण म्हणजे सुरमईच. पेडवे, मुडदुशी, सौंदाळे ही माशांची नावं मी अशीच शिकले, बोटात काटे मोडून घेत. कुणी पाठ करून घेतली नाहीत. तुझ्याकडून मी गाडीत पाठ करून घेते, ते चुकतंच माझं.

पण एका बाबतीत मी हटणार नाही. इथे ओवून झुबक्याने विकतात तो माक्रो दू म्हणजे बांगडाच. बांगड्यासारखा नव्हे, तोच. शास्त्रातलं नावसुद्धा एकच. आणि मे महिन्यानंतर इथे आग्नेयेकडून जो वारा सुटतो ना, तोच विषुववृत्त ओलांडून वळतो आणि पाऊस घेऊन मालवणात शिरतो. मग तिकडे होड्या वर ओढलेल्या, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि घरभर सुक्या बांगड्याचा वास. मी तेव्हा नाक दाबायचे. तूही दाबतोस. दाब.

येत्या शनिवारी मासे तू घे, तुझ्या क्रिओल भाषेत. मी मागे उभी राहीन, तोंड उघडणार नाही.

कल्ले तेवढे बघ.

तुझी,
आई