'इतादाकिमास' कुणी म्हणायचं?

प्रश्न असा आहे: "मुलीच्या ऑफिसमधलं एक जपानी जोडपं आमच्याकडे जेवायला येणार आहे. जपानी लोक जेवणाआधी 'इटाडाकिमासू' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'चला, जेवायला सुरुवात करा' असा आहे, असं वाचलं. पानं वाढून झाली की मी तसं म्हटलं तर चालेल का?"

पाहुण्यांना 'बसा, सुरू करा' असं सांगायला तो शब्द वापरू नका. शब्द फार सुंदर आहे, पण तो वाढणाऱ्याचा नाही, जेवणाऱ्याचा आहे. तुम्हीही त्यांच्याबरोबर पानावर बसणार असाल तर सगळ्यांच्या सोबतीनं जरूर म्हणा, कारण त्या वेळी तुम्हीही जेवणारेच असता. जपानी घरात जिनं स्वयंपाक केला ती आईसुद्धा मुलांबरोबर हात जोडून हेच म्हणते. आमंत्रण म्हणून मात्र तो शब्द चालत नाही. 'चला, सुरुवात करा' हा अर्थ चुकीचा आहे आणि बरेच घोटाळे तिथूनच होतात.

आधी उच्चार. 'इटाडाकिमासू' हे रोमन अक्षरांतून आलेलं रूप आहे. जपानीत आपला ट आणि ड नाही, तिथे त आणि द आहेत. म्हणून इ-ता-दा-कि-मास. शेवटचा 'सु' लिहिण्यात असतो, पण बोलताना त्यातला उकार जवळजवळ ऐकूच येत नाही. आपण 'रस' म्हणताना शेवटी जसं थांबतो, तसंच इथे थांबायचं. मराठी माणसाला जपानी उच्चार तसे सोपे जातात. इंग्रजी वळणाच्या जिभेला अवघड जाणारा 'त्सु' आपल्याकडे चूल आणि चुना या शब्दांच्या सुरुवातीला रोज असतो. 'चिमणी'तला च वेगळा आणि 'चूल'मधला वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जपानीतही 'चि' आणि 'त्सु' असे दोन्ही उच्चार आहेत. तेव्हा जपानी शब्द रोमन लिपीत न लिहिता देवनागरीत लिहून पाठ करा, निम्मं काम तिथेच होतं.

आता अर्थ. 'इतादाकु' या क्रियापदाचा मूळ अर्थ आहे डोक्यावर धारण करणं. 'इतादाकि' म्हणजे शिखर, माथा. डोंगरमाथ्यावर बर्फ असेल तर डोंगरानं बर्फ 'इतादाकु' केलं आहे, असं जपानीत आजही लिहितात. वडीलधाऱ्यानं किंवा धन्यानं दिलेली वस्तू, देवापुढे ठेवलेला नैवेद्य, हे डोक्याच्या वर उचलून घेण्याची रीत होती. त्यातून 'इतादाकु'ला 'नम्रपणे स्वीकारणं' हा अर्थ आला आणि मग 'खाणं, पिणं' हाही. म्हणून भेट घेताना, चहा घेताना आणि जेवताना हे एकच क्रियापद चालतं.

इंग्रजीतून याचं भाषांतर करायला गेलं की एका शब्दाला चार ओळींचं स्पष्टीकरण जोडावं लागतं. मराठीत त्याची गरज नाही, कारण 'शिरोधार्य' हा शब्द आपल्याकडे आहे. 'शिरसावंद्य'ही आहे. अर्थाच्या मुळाशी अगदी हेच चित्र आहे: जे मिळालं ते डोक्यावर धरणं. प्रसाद हातावर पडला की तोंडात टाकण्याआधी आपण तो कपाळाला लावतो, ती हालचाल म्हणजेच 'इतादाकु'. माझ्या मते 'इतादाकिमास'चं सगळ्यात जवळचं मराठी 'शिरोधार्य मानून घेतो' असं होईल. कोशात 'मी खातो' असं लिहिलेलं असतं. ते व्याकरणानं चूक नाही, पण त्यातलं मस्तक हरवतं.

हे कुणाला उद्देशून म्हणायचं? स्वयंपाक करणाऱ्याला, पिकवणाऱ्याला, आणि ज्या माशाचा, प्राण्याचा किंवा भाजीचा जीव आपल्या पानात आला आहे त्यालाही. म्हणूनच एकटा जेवणारा माणूसही हात जोडून पुटपुटतो. शाळेत दुपारचं जेवण वर्गातच असतं. पाळी असलेली मुलं वाढतात, मग त्यांच्यातलं एक 'हात जोडा' म्हणतं आणि सगळा वर्ग एका सुरात 'इतादाकिमास' म्हणतो. पंगतीत श्लोक म्हटल्याशिवाय घास न घेण्याची सवय ज्यांना लहानपणी लागली, त्यांना हे दृश्य अजिबात परकं वाटणार नाही.

मग यजमानीणबाईंनी काय म्हणायचं? 'दोझो'. यातला 'दो' लांबवायचा आणि 'झो' हा 'जोर' शब्दातल्या 'जो'सारखा. 'या, घ्या, बसा, सुरू करा' या सगळ्याला तो एक शब्द पुरतो. थोडं अदबीनं म्हणायचं तर 'दोझो, मेशिआगात्ते कुदासाइ'. 'मेशिआगारु' म्हणजेही खाणंच, पण समोरच्याचं. मी खातो ते 'इतादाकु', तुम्ही खाता ते 'मेशिआगारु', आणि साधं, ना नम्र ना आदरार्थी, ते 'ताबेरु'. स्वतःच्या खाण्याला 'मेशिआगारु' म्हणणं म्हणजे 'आम्ही आता भोजन ग्रहण करत आहोत' असं स्वतःबद्दल म्हणण्यासारखं.

जेवण झालं की पाहुणे म्हणतील, 'गोचिसोसामा देशिता'. इथेही 'सो' लांब. या शब्दाची घडण मला 'इतादाकिमास'इतकीच आवडते. 'चिसो' ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यातल्या पहिल्याचा अर्थ घोडा दौडवणं आणि दुसऱ्याचा धावणं. पाहुणा येणार म्हणून जिन्नस गोळा करायला यजमानानं केलेली धावपळ म्हणजे 'चिसो', आणि पुढे त्या धावपळीतून जे ताटात आलं तेही 'चिसो', म्हणजे मेजवानी. त्याला मागे-पुढे आदराचे प्रत्यय लावून जेवणारा म्हणतो: माझ्यासाठी फार धावपळ झाली, आभारी आहे. पाहुण्यांसाठी सकाळपासून पळापळ केलेल्या बाईच्या कानावर याहून योग्य शब्द काय पडणार? आपल्याकडे तृप्त माणूस 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो, त्याच जागेवरचा हा शब्द. तिथे हॉटेलातून बाहेर पडतानाही गिऱ्हाईक हे म्हणून जातं.

या धावपळीला एक लोककथाही जोडलेली आहे. बुद्धासाठी अन्न गोळा करायला इदातेन नावाचा देव वाऱ्यासारखा धावला, अशी ती कथा. झेन मठांच्या स्वयंपाकघरात त्याची मूर्ती असते. हा इदातेन म्हणजे आपला स्कंद, कार्तिकेय. संस्कृत नाव चीनमार्गे जपानला पोचलं आणि वाटेत असं बदललं. सुशीच्या दुकानातला 'शारी' हा शब्दही तसाच प्रवास करून आला आहे. सुशीच्या भाताला तिथले कारागीर शारी म्हणतात. तो 'शरीर'वरून आला, म्हणजे बुद्धाच्या अस्थींच्या पवित्र कणांवरून, कारण पांढरे दाणे तसे दिसतात.

मात्र 'शारी' हा कारागिरांचा शब्द आहे, गिऱ्हाइकाचा नव्हे. बिल मागताना काही लोक ऐटीत 'ओआइसो' म्हणतात, त्याचंही तेच. तो दुकानदाराच्या तोंडचा शब्द, 'आदरातिथ्यात काही कमी राहिलं असेल तर क्षमा असावी' अशा भावाचा. गिऱ्हाइकानं सरळ 'ओकाइकेइ ओनेगाइशिमास' म्हणावं. म्हणजे गाडी पुन्हा तुमच्या प्रश्नावरच आली. जेवणाच्या जपानीत शब्दाचा अर्थ जितका महत्त्वाचा, तितकंच तो कुणाच्या तोंडी शोभतो हेही.

पानावरच्या पदार्थांची नावं सांगायची असतील तर भातापासून सुरू करा. इंग्रजीत शेतातलं, गोणीतलं आणि ताटातलं हे सगळं एकाच शब्दात उरकतात. जपानीत आपल्यासारखेच वेगळे शब्द आहेत: शेतातली साळ ती 'इने', तांदूळ तो 'कोमे', शिजलेला भात तो 'गोहान'. जेवणालाही गोहानच म्हणतात. सकाळचं 'आसागोहान', दुपारचं 'हिरुगोहान', रात्रीचं 'बानगोहान'. पावभाजी करणार असाल तर पाव दाखवून 'पान' म्हणा, लगेच कळेल. पोर्तुगीजांनी हा शब्द जपानलाही दिला आणि कोकण-गोव्यालाही. तिथे त्याचा पान झाला, आपल्याकडे पाव.

आणि पाहुणे शाकाहारी असतील असं गृहीत धरू नका, पण तुमच्याकडचं जेवण शाकाहारी असेल तर 'निकु तो साकाना वा हाइत्तेइमासेन' एवढं सांगून ठेवा. मांस आणि मासे यात नाहीत, असा त्याचा अर्थ. त्यांच्याकडे साध्या भाजीतही बऱ्याचदा माशाचा अर्क असतो, त्यामुळे दोन्ही शब्द घेतलेले बरे.

शेवटी पाहुणे 'गोचिसोसामा देशिता' म्हणतील तेव्हा गप्प राहू नका. त्यावर यजमानाचं ठरलेलं उत्तर आहे: 'ओसोमात्सुसामा देशिता'. 'सोमात्सु' म्हणजे जाडंभरडं, साधंसुधं. पुरणपोळी आणि दोन भाज्या वाढल्यावरही आपल्या घरातली बाई 'गोड मानून घ्या हं' म्हणते, तेच हे. मधला 'त्सु' चुलीतल्या चसारखा म्हणा.