लॉर्शमध्ये राहायला जावं का?

तुम्ही विचारलंय, नवऱ्याची नोकरी जर्मनीत डार्मश्टाटला, घर मात्र लॉर्शमध्ये बघताय, तर एवढ्याशा गावात दिवस कसा जाणार? मी तिथे सहा वर्षं राहिले. खुशाल जा.

आधी व्यवहाराचं. बेन्सहाइमला गाडी बदलली की डार्मश्टाट गाठता येतं. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र मागून ठेवा. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणायची.

बाकी गाव कळतं ते तिथल्या जुन्या ख्रिस्ती मठातून. कान्कोर नावाच्या सरदाराने आणि त्याच्या आईने ७६४ साली तो स्थापला, आणि ७७४ मध्ये चर्चच्या अभिषेकाला खुद्द फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन आला होता. आपल्याकडे तो वेरूळचं कैलास लेणं घडवणाऱ्या राष्ट्रकूटांचा काळ. हे जुळवलं तेव्हापासून मठाचं ते तांबडं-पांढरं दगडी द्वार मला परकं वाटेनासं झालं.

लोक मठाला शेतं, द्राक्षमळे दान देत. बाराव्या शतकात भिक्षूंनी त्या दानपत्रांच्या नकला एका ग्रंथात उतरवून ठेवल्या, ३,८०० च्या वर नोंदी! आसपासच्या कितीतरी गावांचं नाव पहिल्यांदा तिथेच लिहिलेलं सापडतं, आणि ती गावं आपलं वय त्यावरूनच मोजतात.

पुढे मठ माइन्त्स शहराच्या आर्चबिशपकडे, म्हणजे तिथल्या मोठ्या धर्मगुरूकडे गेला, सोळाव्या शतकात बंद पडला, ग्रंथ हायडेलबर्गला नेले. १६२१ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्पॅनिश सैनिकांनी मठ जाळला. आज द्वार, चर्चचा एक भाग, धान्याचं कोठार आणि थोडी तटबंदी उरली आहे. १९९१ पासून हा जागतिक वारसा आहे.

मला सगळ्यात जवळची तिथली वनौषधींची बाग. आठव्या शतकाच्या अखेरीस इथे औषधांचा एक ग्रंथ लिहिला गेला. मूळ पोथी आता बाम्बेर्गला असते, बाग त्यावरून केलेली. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजी मला तिथे घेऊन गेल्या. मी पान चुरगाळून वास घ्यायचे आणि म्हणायचे शेपू, बडीशेप, कोथिंबीर. त्या जर्मन नाव सांगायच्या, मी चुकले की पुन्हा सांगायच्या. माझं जर्मन तिथून सुरू झालं.

घर बघायला जाल तेव्हा दुपार मोकळी ठेवा आणि आधी मठात जा. घरमालकाकडे नंतर गेलात तर बोलायला काहीतरी असेल.