वाचकांचे प्रश्न : शेजारच्या घरी चौकार आधी का लागतो?

प्रश्न : मी क्रिकेटचा सामना मोबाइलवर पाहतो, शेजाऱ्यांच्या गच्चीवर डिश आहे. माझ्या पडद्यावर गोलंदाज धावायला लागण्याआधीच शेजारून ‘आउट’ अशी आरोळी येते. पूर्वी वाड्यातले सगळे एकाच क्षणी ओरडत असत. प्रक्षेपण थेट असूनही हा फरक का पडतो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. पूर्वी चित्र लहरींच्या रूपाने येत असे. कॅमेऱ्यासमोरच्या उजेडातील चढउतार विजेच्या चढउतारात बदलत, तो प्रवाह मनोऱ्यावरून प्रकाशाच्या वेगाने निघे आणि अँटेनातून संचात शिरताच पडद्यावर रेघ-रेघ उमटे. सेकंदाला 25 चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या 625 रेघा, असा तो हिशेब होता. या वाटेवर चित्र कोठेही साठवले जात नसे, कारण त्या संचाला स्मरणशक्तीच नव्हती. वाड्यातील सर्व संच त्याच लहरीवर चालत, म्हणून आरोळीही एकच उठत असे.

आता चित्र आकड्यांच्या रूपाने येते आणि ते आकडे संख्येने अफाट असतात. एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला शून्य किंवा एक अशा 24 खुणा लागतात आणि सेकंदाला 25 चित्रे धरली, तर एका सेकंदात सुमारे 124 कोटी खुणा पाठवाव्या लागतील. एवढा भार उपग्रहालाही परवडत नाही आणि मोबाइलच्या जोडणीलाही नाही. त्यामुळे संपूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवले जाते आणि मधल्या चित्रांसाठी केवळ ‘काय बदलले’ एवढेच कळवले जाते. खेळपट्टी, हिरवळ आणि प्रेक्षकांचे सज्जे जागच्या जागी असतात, चेंडू आणि खेळाडू हलतात. तेवढ्याच हालचालीचे वर्णन आपल्या घरी येते आणि आपल्या घरातील यंत्र त्यावरून चित्र पुन्हा उभे करते. काय बदलले हे ठरवण्यासाठी पाठवणाऱ्या यंत्राला पुढची काही चित्रे पाहून घ्यावी लागतात, आणि उशिराची सुरुवात तेथेच होते.

आपल्या शेजाऱ्यांचे चित्र सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाऊन परत येते. पण या प्रवासाला पाव सेकंदच लागतो. मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. इंटरनेटवर सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकडा पुरा झाल्यावर सर्व्हरवर ठेवला जातो, आणि वाटेत जोडणी मंदावली तरी चित्र अडकू नये म्हणून आपले अ‍ॅप असे काही तुकडे हाताशी जमवून मगच पहिला दाखवते. अर्ध्या मिनिटाचे अंतर पडते ते बहुतांशी या साठ्यामुळे. तुकडे लहान केले तर उशीर घटतो, मात्र मग चित्र अडकण्याची शक्यता वाढते.

डिशवर चॅनेल बदलताना पडदा क्षणभर काळा राहतो, त्याचेही मूळ येथेच आहे : पुढचे संपूर्ण चित्र येईपर्यंत यंत्राला थांबावे लागते. पूर्वी सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरी त्या मुंग्यांआडून माणसे दिसत राहत. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि खाली उभी असलेली सगळी मंडळी ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडून त्याला दिशा देत, ते अनेकांना आठवत असेल. आकड्यांच्या बाबतीत अशी मधली अवस्था फार थोडी असते. मुसळधार पावसात सिग्नल एका मर्यादेपर्यंत घटला तरी चित्र स्वच्छ राहते आणि ती मर्यादा ओलांडताच चौकोन-चौकोन होऊन नाहीसे होते.

प्रश्न : नव्या टीव्हीवर जुन्या मालिकांतील सगळी माणसे जाडजूड दिसतात. संचात दोष आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : दोष नाही. जुन्या चित्राची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण 4:3 होते, नव्या पडद्याचे 16:9 आहे. चित्र ताणून पडदाभर केले की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण निवडावे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, ते तसेच राहू द्यावेत.

प्रश्न : माझी मुलगी पाककृतींचे व्हिडिओ मोबाइलवर चित्रित करते. दिवसा चित्र छान येते, पण रात्री ट्यूबलाइटखाली पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात.
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. पुष्कळ मोबाइल सेकंदाला 30 चित्रे घेतात. ही संख्या अमेरिकेतील 60 आवर्तनांच्या विजेशी जुळणारी आहे. आपल्या जुन्या दूरदर्शनच्या 25 चित्रांमागे मात्र 50 आवर्तनांचेच गणित होते, आणि ते आज आपल्या मुलीच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडेल. अ‍ॅपमध्ये शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावा आणि शक्य असल्यास 25 चित्रे निवडावीत. हे पर्याय नसतील, तर झगमग टाळण्याच्या सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ निवडावे.

प्रश्न : आईवडिलांच्या 1988 सालच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट आमच्याकडे आहेत. त्यांत आजीने म्हटलेली मंगलाष्टके आहेत. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या की काळजी मिटेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कृपया हे काम याच महिन्यात हाती घ्या. बुरशी लागलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. ती बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तेथून दुसऱ्या कॅसेटवर जाते. व्हीएचएसच्या फितीवर चित्र तिरप्या पट्ट्यांत असते, तर साधा ध्वनी वरच्या कडेने एका अरुंद पट्टीत असतो. कड खराब झाली की आधी आवाज जातो, म्हणून आपल्या आजीची मंगलाष्टके चित्रापेक्षा अधिक धोक्यात आहेत. फीत आधी साफ करून मग उतरवणाऱ्या माणसाकडेच कॅसेट सोपवा. चालू स्थितीतील व्हीसीआर दुर्मीळ होत आहेत. जपानमधील शेवटच्या उत्पादकाने 2016 साली त्यांचे उत्पादन थांबवले.

उतरवणाऱ्याकडून फार न दाबलेली, मोठ्या आकाराची फाइल मागून घ्या. डीव्ही पद्धतीच्या एका तासाच्या फाइलला सुमारे 13 जीबी जागा लागते. नातेवाइकांना पाठवण्यासाठी लहान फाइल तिच्यावरून केव्हाही करता येते. लहानीवरून मोठी करता येत नाही. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी चित्र फिके पडत असे. आकड्यांची हजारावी नक्कलही पहिलीसारखीच असते. मात्र हा लाभ नकला केल्या तरच मिळतो. पेनड्राइव्ह एके दिवशी कोणतीही सूचना न देता बंद पडतो, आणि त्या दिवशी मुंग्यांआडूनही काही दिसत नाही. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर आणि दुसरी अन्य गावी राहणाऱ्या भावंडाकडे ठेवा. चिपळूणच्या पुराचा अनुभव आपल्याला सांगायला नको. प्रती झाल्या की आईवडिलांसोबत बसून पडद्यावरील माणसांची नावे मिनिटांसह वहीत लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो फाइलसोबत ठेवा. मूळ कॅसेट कोरड्या कपाटात उभ्या ठेवा, टाकून देऊ नका.